‘ओन्ली’ नेमकं कुठे लावायचं?

‘तो तसाच आहे’ हे इंग्रजीत सांगायचं असलं की आपल्या तोंडून पटकन निघतं, ‘ही इज लाइक दॅट ओन्ली.’ मराठी माणसाला ते लगेच कळतं. गोव्यात कोकणी बोलणाऱ्यालाही कळतं, कारण त्यांच्याकडे हाच ‘च’ आहे. गुजरातीत त्या जागी ‘ज’ येतो, हिंदीत ‘ही’. म्हणून भारतात एकमेकांशी बोलताना हे वाक्य चालून जातं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. अडचण येते ती परीक्षेत, नोकरीच्या अर्जात, बाहेरच्या देशातल्या माणसाला पाठवलेल्या मेलमध्ये. तिथला वाचक ‘ओन्ली’ पाहून थबकतो: फक्त तसा? मग दुसरा कसा नाही?

‘ओन्ली’चा गाभा दोन शब्दांत सांगता येतो: बाकी नाही. हा शब्द ज्याला चिकटतो तेवढंच खरं, त्याखेरीज दुसरं कुणी किंवा काही नाही. आपला ‘च’ मात्र अनेक कामं करतो आणि ‘बाकी नाही’ हे त्यातलं एकच काम आहे. प्रत्येक ‘च’ला ‘ओन्ली’ लावायची सवय लागली की तिथूनच बहुतेक चुका सुरू होतात.

‘फक्त’ची कसोटी

इंग्रजी वाक्य करण्याआधी मराठी वाक्यातच एक बदल करून बघा. ‘च’ काढा आणि त्याच शब्दाच्या आधी ‘फक्त’ ठेवा. अर्थ जसाच्या तसा राहिला तर ‘ओन्ली’ लागेल, आणि तेही ‘फक्त’च्याच जागी, म्हणजे शब्दाच्या आधी. अर्थ बदलला किंवा वाक्य विचित्र वाटलं, तर तिथे दुसरा शब्द शोधायचा.

‘हे मलाच माहीत आहे.’ आता ‘हे फक्त मला माहीत आहे.’ अर्थ तोच. म्हणून ‘ओन्ली आय नो धिस.’ ‘ती चहाच पिते’ आणि ‘ती फक्त चहा पिते’ यांतही फरक नाही, म्हणून ‘शी ड्रिंक्स ओन्ली टी.’ पण ‘तो फक्त तसा आहे’ असं कुणी म्हणत नाही. म्हणजे तिथल्या ‘च’चा ‘ओन्ली’शी संबंध नाही. ते वाक्य ‘दॅट्स जस्ट द वे ही इज’ असं होईल. साधं ‘ही इज लाइक दॅट’सुद्धा पुरतं.

या कसोटीचा आणखी एक फायदा आहे. ‘च’ शब्दाच्या मागे लागतो, म्हणून आपण ‘ओन्ली’सुद्धा मागे नेऊन ठेवतो: ‘आय ओन्ली’, ‘टुडे ओन्ली’, ‘हिअर ओन्ली’. ‘फक्त’ मात्र पुढे बसतो, इंग्रजीतल्या ‘ओन्ली’सारखाच. त्यामुळे ‘च’ची वाट सोडून ‘फक्त’च्या वाटेने गेलं की जागाही आपोआप बरोबर येते. अपवाद पाट्यांचा आणि चेकचा, तो पुढे येईल.

मराठीत ‘फक्त मीच’, ‘केवळ तोच’ असं दुहेरी चालतं, जोर वाढतो. इंग्रजीत ‘ओन्ली’ एका गोष्टीसाठी एकदाच. ‘ओन्ली ही ओन्ली नोज’ किंवा ‘ओन्ली ही अलोन नोज’ असं लिहू नका.

‘च’ दुसरी कामं करतो तेव्हा

सर्वांत घोटाळ्याचा ‘च’ म्हणजे बोट दाखवणारा. ‘तुम्हीच मला फाइल पाठवायला सांगितलं होतं’ हे ऑफिसच्या मेलमध्ये ‘यू ओन्ली टोल्ड मी टू सेंड द फाइल’ असं गेलं, तर वाचणारा त्याचा अर्थ लावतो: ‘तुम्ही मला एवढंच सांगितलंत की फाइल पाठव (बाकी काही सांगितलं नाही).’ म्हणजे जबाबदारी दाखवून द्यायची होती आणि झाली अपुऱ्या सूचनांची तक्रार. इथे इंग्रजीची रीत वेगळी आहे: ‘इट वॉज यू हू टोल्ड मी टू सेंड द फाइल.’ जरा मवाळ सुरात सांगायचं तर ‘यू हॅड आस्क्ड मी टू सेंड द फाइल.’

‘त्याच दिवशी’ म्हणजे ‘ऑन द सेम डे’ किंवा ‘दॅट व्हेरी डे’. ‘इथेच थांब’ म्हणजे ‘वेट राइट हिअर’. ‘दारातच भेटला’ म्हणजे ‘आय मेट हिम राइट अॅट द डोअर’. या तिन्हींत नेमकेपणा सांगायचा आहे, बाकीचं वगळायचं नाही.

खात्रीचा ‘च’ वेगळा. ‘तो येणारच’ याला ‘ही विल कम ओन्ली’ म्हणणं चूक. ‘ही इज शुअर टू कम’ किंवा ‘ही विल डेफिनेटली कम’ म्हणा, आणि टाळता येणारच नाही अशी गोष्ट असेल तर ‘इट इज बाउंड टू हॅपन’. नकारातला ‘च’ घ्या: ‘मी गेलोच नाही’ म्हणजे ‘आय डिडन्ट गो अॅट ऑल’. ‘तो येताच’ म्हणजे ‘अॅज सून अॅज ही केम’. ‘मला जायलाच हवं’ म्हणजे ‘आय रिअली मस्ट गो’. यांपैकी एकाही ठिकाणी ‘फक्त’ बसत नाही, हे लावून बघा.

‘कालच’, ‘आत्ताच’, ‘सोमवारीच’

काळ दाखवणाऱ्या शब्दांपाशी कसोटी थोडी सैल करावी लागते. ‘मी कालच आलो’ याचं ‘मी फक्त काल आलो’ होत नाही, तरीही इंग्रजीत ‘आय केम ओन्ली यस्टर्डे’ हे शुद्ध वाक्य आहे. काळाच्या शब्दाआधी ‘ओन्ली’ आला की तो ‘इतक्या अलीकडे, त्याआधी नाही’ असं सांगतो. म्हणजे ‘बाकी नाही’ हा गाभा इथेही आहे. वगळला जातो तो आधीचा काळ. चूक फक्त ‘यस्टर्डे ओन्ली’ या क्रमात आहे. ‘आय केम जस्ट यस्टर्डे’ म्हटलं तरी चालतं.

‘आत्ताच जेवलो’ याला मात्र ‘नाऊ ओन्ली’ नको. ‘आय हॅव जस्ट ईटन.’ आपल्याकडे ‘आत्ता कुठे’ असा एक सुरेख प्रयोग आहे, त्याचं इंग्रजी जवळजवळ शब्दाला शब्द मिळतं: ‘ओन्ली जस्ट’. ‘आत्ता कुठे तो उठलाय’ म्हणजे ‘ही हॅज ओन्ली जस्ट गॉट अप.’ हाच ‘ओन्ली जस्ट’ ‘जेमतेम’साठीही येतो: ‘वी ओन्ली जस्ट कॉट द ट्रेन’, गाडी जेमतेम मिळाली. क्रम उलटा करून ‘जस्ट ओन्ली’ म्हणू नका.

पुढच्या काळात ‘सोमवारीच मिळेल’ असं सांगायचं असेल आणि ‘त्याआधी मिळणार नाही’ हे ठसवायचं असेल, तर ‘नॉट अन्टिल’ अधिक स्वच्छ: ‘यू वोन्ट गेट इट अन्टिल मंडे.’ ‘ओन्ली ऑन मंडे’ चूक नाही. पण ‘ओन्ली ऑन मंडेज’, शेवटी ‘ज’चा उच्चार आणि लिहिताना एस, म्हणजे ‘दर सोमवारीच’. दवाखान्याच्या पाटीवर तो एक एस राहून गेला की पेशंट एकाच सोमवारची वाट बघतो.

एक किल्ली, सहा अर्थ

‘ओन्ली’ ज्या शब्दाआधी उभा राहतो त्यावर त्याची सावली पडते. एकच वाक्य घेऊन तो पुढे सरकवत नेऊ: ‘सुनीता गेव्ह द की टू द वॉचमन’, सुनीताने वॉचमनला किल्ली दिली.

‘ओन्ली सुनीता गेव्ह द की टू द वॉचमन’: सुनीतानेच दिली, दुसऱ्या कुणी नाही.

‘सुनीता ओन्ली गेव्ह द की टू द वॉचमन’: किल्ली नुसती दिली, काही सांगितलं वगैरे नाही. बोलताना मात्र या वाक्याचे इतरही अर्थ निघू शकतात.

‘सुनीता गेव्ह ओन्ली द की टू द वॉचमन’: किल्लीच दिली, सोबतची कागदपत्रं नाहीत.

‘सुनीता गेव्ह द ओन्ली की टू द वॉचमन’: होती ती एकुलती एक किल्ली दिली. आता कुलूप उघडायचं तर वॉचमनलाच गाठायला हवं.

‘सुनीता गेव्ह द की ओन्ली टू द वॉचमन’: वॉचमनलाच दिली, शेजारच्या काकूंना नाही.

‘सुनीता गेव्ह द की टू द ओन्ली वॉचमन’: सोसायटीत एकच वॉचमन आहे, त्याला दिली.

चौथं आणि सहावं वाक्य नीट बघा. ‘द’ आणि नाम यांच्यामध्ये शिरला की ‘ओन्ली’ क्रियाविशेषण राहत नाही, विशेषण होतो. ‘द ओन्ली की’ आणि ‘ओन्ली द की’ यांत ‘द’ कुठे आहे एवढाच फरक, पण एकात ‘एकुलती एक किल्ली’ आहे आणि दुसऱ्यात ‘फक्त किल्ली’.

दुसऱ्या वाक्याची गोष्ट थोडी लांबवतो, कारण यावर इंग्रज मंडळींमध्येही जुना वाद आहे. अठराव्या शतकात रॉबर्ट लाउथ या व्याकरणकारांनी आपल्या इंग्रजी व्याकरणात असा आग्रह धरला की ‘मी तीनच शब्द बोललो’ म्हणायचं असेल तर ‘ओन्ली’ क्रियापदाआधी नव्हे, ‘तीन’च्या आधी यावा. 1926 मध्ये इंग्रजी वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलर यांनी उलट बाजू घेतली: अर्थ स्पष्ट असेल तर क्रियापदाआधीचा ‘ओन्ली’ हा बोलीचा सहज प्रवाह आहे, त्याला उगाच अडवू नये. व्यवहारात दोघांचंही ऐकावं. बोलताना ‘आय ओन्ली हॅव टेन रुपीज’ हेच नैसर्गिक, कारण जोर ‘टेन’वर पडतो आणि कानाला अर्थ कळतो. कागदावर आवाज नसतो. म्हणून नियमावली, करार, अर्ज, परीक्षेचं उत्तर यांत ‘ओन्ली’ अगदी त्या शब्दाला खेटून ठेवा: ‘आय हॅव ओन्ली टेन रुपीज.’

क्रियापदाजवळ ठेवताना जागा ठरलेली आहे. साध्या क्रियापदाच्या आधी: ‘ही ओन्ली स्माइल्ड’. ‘अॅम’, ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ यांच्या नंतर: ‘आय अॅम ओन्ली जोकिंग’, ‘इट इज ओन्ली अ कोल्ड’. ‘हॅव’, ‘कॅन’, ‘विल’ असं साहाय्यक क्रियापद असेल तर पहिल्या साहाय्यकानंतर: ‘आय कॅन ओन्ली वेट’. ‘आय ओन्ली अॅम जोकिंग’ ही आपल्याकडची नेहमीची चूक.

पाट्या, औषधं आणि चेक

छोट्या सूचनेत ‘ओन्ली’ शेवटी येतो आणि तिथे तो बरोबर असतो. ‘लेडीज ओन्ली’, ‘स्टाफ ओन्ली’, मलमाच्या ट्यूबवरचं ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या शेड्यूल एच औषधांच्या वेष्टनावरची जुनी इंग्रजी ताकीदसुद्धा ‘ओन्ली’वरच संपायची. या जागी तो आधीच्या पूर्ण शब्दगटाला कुंपण घालतो. सोसायटीची पाटी करताना मात्र क्रम चुकतो: ‘ओन्ली पार्किंग फॉर मेंबर्स’ म्हणजे ‘सभासदांना पार्किंगच मिळेल, बाकी सोयी नाहीत’. लिहायचं ते ‘पार्किंग फॉर मेंबर्स ओन्ली’.

चेकवर रक्कम अक्षरी लिहिताना शेवटी ‘ओन्ली’ लिहितात, तो याच घराण्यातला: ‘रुपीज ट्वेल्व्ह थाउजंड फाइव्ह हंड्रेड ओन्ली’. पावतीवर आपण ‘अक्षरी रुपये बारा हजार पाचशे फक्त’ किंवा ‘मात्र’ लिहितो, तोच हा. चेक मराठीत लिहिला तरी चालतो, तेव्हा ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ लिहा. काम एकच: रक्कम इथे संपली, पुढे कुणी शब्द घुसवू नये. कायद्याने हा शब्द सक्तीचा नाही, पण तो वगळून मोकळी जागा सोडणं धोक्याचं आहे. रक्कम ओळीच्या अगदी डावीकडून सुरू करा, शब्दांत फट ठेवू नका, ‘ओन्ली’ लिहून उरलेल्या जागेवर आडवी रेघ ओढा. पैसे असतील तर ‘ओन्ली’ पैशांच्याही नंतर: ‘अँड पैसे फिफ्टी ओन्ली’. ‘रुपीज’नंतर एकदा आणि शेवटी एकदा असा दोनदा लिहू नका. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या कलम 18 प्रमाणे अंकी आणि अक्षरी रकमेत तफावत असेल तर अक्षरी रक्कम खरी धरतात. प्रत्यक्षात बँक असा चेक बहुधा परत करते. त्यामुळे अक्षरी ओळ नीट लिहिण्याला महत्त्व आहे. चुकल्यास खाडाखोड करू नका, नवा चेक घ्या. चेकच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघांमध्ये ‘अकाउंट पेयी ओन्ली’ लिहितात, त्याचा अर्थ ‘ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात जमा करा’.

वाक्य ‘ओन्ली’ने सुरू झालं तर

‘तेव्हाच मला कळलं.’ बहुतेक जण लिहितात, ‘ओन्ली देन आय अंडरस्टूड.’ इथे इंग्रजी वाक्य प्रश्नासारखं उलटतं: ‘ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड.’ ‘ओन्ली’सोबत वेळ, ठिकाण, अट किंवा रीत सांगणारा शब्दगट वाक्याच्या सुरुवातीला आला की मुख्य वाक्यात साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं. मूळ वाक्यात साहाय्यक नसेल तर ‘डू’, ‘डझ’ किंवा ‘डिड’ आणायचं, आणि मग मुख्य क्रियापद मूळ रूपात ठेवायचं. ‘डिड आय अंडरस्टूड’ झालं की गुण गेले.

‘पाऊस पडला तेव्हाच शेतकऱ्यांनी पेरणी केली’ हे थोडं लांब वाक्य घ्या: ‘ओन्ली व्हेन इट रेन्ड डिड द फार्मर्स सो.’ (इथला ‘सो’ म्हणजे पेरणं.) उलटा होतो तो मुख्य वाक्यातला भाग. ‘व्हेन’चा तुकडा सरळच राहतो, ‘ओन्ली व्हेन डिड इट रेन’ असं करायचं नाही. सवय होईपर्यंत दोन तुकडे वेगळे लिहा, ‘पेरणी केली’च्या तुकड्याचा आधी प्रश्न करा, मग जोडा.

‘ओन्ली’ थेट कर्त्याला चिकटला असेल तर काहीही उलटत नाही. ‘ओन्ली मीरा नोज द आन्सर.’ हा फरक लक्षात न घेता सगळीकडे उलटापालट करणंही चूकच. आणि हा सगळा खटाटोप औपचारिक लेखनाचा आहे. बोलताना ‘आय अंडरस्टूड ओन्ली देन’ म्हणून मोकळं व्हा.

‘तरच’ आणि ‘असतं तर!’

‘ओन्ली इफ’ म्हणजे ‘तरच’, अगदी तंतोतंत. ‘तू आलास तरच मी जाईन’: ‘आय विल गो ओन्ली इफ यू कम.’ गणितात ‘जर आणि तरच’ म्हणतो त्याचं इंग्रजी ‘इफ अँड ओन्ली इफ’.

हेच दोन शब्द उलटे करून ‘इफ ओन्ली’ म्हटलं की अट राहत नाही, हळहळ उरते. ‘बाबा आज असते तर!’ म्हणजे ‘इफ ओन्ली बाबा वेअर हिअर टुडे!’ सध्याच्या गोष्टीबद्दलची हळहळ भूतकाळी क्रियापदाने, होऊन गेलेल्या गोष्टीबद्दलची ‘हॅड’ लावून: ‘इफ ओन्ली आय हॅड आस्क्ड हर’, तिला विचारलं असतं तर! अर्जात ‘इफ ओन्ली द फीज आर पेड, अॅडमिशन विल बी गिव्हन’ असं लिहिलेलं दिसतं. तिथे ‘ओन्ली इफ’ हवं होतं.

‘अभंगच नव्हे तर लावणीही’

‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’ या जोडीत एकच नियम: दोन्ही तुकड्यांनंतर सारख्या जातीचे शब्द यावेत. ‘ती अभंगच नव्हे तर लावणीही गाते’ याचं ‘शी नॉट ओन्ली सिंग्ज अभंग्ज बट ऑल्सो लावणीज’ केलं, तर ‘नॉट ओन्ली’नंतर क्रियापद आणि ‘बट ऑल्सो’नंतर नाम आलं, तराजू कलला. ‘नॉट ओन्ली’ पुढे सरकवा: ‘शी सिंग्ज नॉट ओन्ली अभंग्ज बट ऑल्सो लावणीज.’ मराठीत हे आपोआप जमतं, कारण ‘च नव्हे’ आणि ‘ही’ दोन्ही नामांनाच चिकटतात. मराठी वाक्यात हे दोन प्रत्यय कशाला लागले आहेत ते बघा आणि इंग्रजी जोडी त्याच शब्दांआधी ठेवा. कर्त्यांची जोडी असेल तर क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे: ‘नॉट ओन्ली द टीचर बट ऑल्सो द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट.’

एकुलता एक

बायोडेटात हमखास चुकणारी जागा. ‘मी एकुलता एक आहे’ म्हणजे ‘आय अॅम अॅन ओन्ली चाइल्ड’. ‘आय अॅम ओन्ली अ चाइल्ड’ म्हणजे ‘मी अजून लहान मूल आहे’. ‘आय अॅम ओन्ली वन चाइल्ड’ याला अर्थ नाही. ‘ही इज माय ओन्ली सन’ म्हणजे एकुलता एक मुलगा. ‘ओन्ली माय सन केम’ म्हणजे माझाच मुलगा आला, इतर कुणी नाही. ‘अॅन’ का? कारण ‘ओन्ली’चा उच्चार स्वराने सुरू होतो.

आकड्यांआधी ‘ओन्ली’ आला की ‘एवढं थोडं’ असा सूर लागतो, आपल्या ‘अवघे’सारखा. ‘ओन्ली ट्वेन्टी पीपल केम’ यात निराशा आहे. नुसती संख्या सांगायची असेल, कमी वाटत नसेल, तर ‘एग्झॅक्टली ट्वेन्टी’ म्हणा.

दोन वाक्प्रचार ‘फक्त’च्या पलीकडचे आहेत. ‘ओन्ली टू’ कथनात येतो तेव्हा त्याला हेतूचा अर्थ नसतो. तो आपला ‘बघतो तर काय’ असतो. ‘धावत स्टेशनवर पोचलो, बघतो तर काय, गाडी गेलेली’: ‘आय रश्ड टू द स्टेशन, ओन्ली टू फाइंड दॅट द ट्रेन हॅड लेफ्ट.’ आणि ‘ओन्ली टू’मधल्या टूला दोन ओ असले तर तो ‘अगदी, पुरेपूर’ होतो: ‘आय वुड बी ओन्ली टू हॅपी टू हेल्प’, मदत करायला अगदी आनंद वाटेल.

स्पेलिंग आणि उच्चार

चारच अक्षरं: ओ, एन, एल, वाय. चूक होते ती एनच्या पुढे ई घालण्याची, कारण डोळ्यांसमोर ‘वन’ आणि ‘लोन्ली’ असतात. ‘लोन्ली’त ई राहतो, कारण ‘लोन’ या शब्दाच्या शेवटी तो आहे आणि त्याला एल-वाय जोडलं आहे. ‘ओन्ली’ त्याहून जुना, जुन्या इंग्रजीतल्या ‘आनलिक’ या शब्दाचा वंशज. ‘आन’ म्हणजे एक, ‘लिक’ म्हणजे सारखा. तेव्हा त्यात ई नव्हता. मधल्या काळात स्पेलिंग स्थिर नसताना ई घातलेलं रूप भरपूर छापलं गेलं; शेक्सपिअरच्या सुनीतांच्या (सॉनेट या चौदा ओळींच्या कवितांच्या) 1609 च्या आवृत्तीत अर्पणपत्रिकेत तर शेवटी वायऐवजी आय-ई आहे. आज मात्र चार अक्षरांखेरीज दुसरं रूप नाही. एलही एकच. घाईत टाइप करताना एन आणि एल यांची अदलाबदल होते, ती शेवटच्या वाचनात पकडा.

उच्चार ‘ऑनली’ नाही आणि ‘वनली’ही नाही. पहिला स्वर लांब, ‘गो’, ‘नो’ यांतला, जोर त्याच्यावर. ‘वन’मधला ‘व’ ही नंतरची भर आहे, पश्चिम इंग्लंडच्या बोलींतून आलेली. ‘ओन्ली’ आणि ‘अलोन’ यांनी जुना स्वर धरून ठेवला. ‘अलोन’ म्हणजे मुळात ‘ऑल वन’. आपल्या ‘एक’पासून ‘एकटा’, ‘एकुलता’, ‘एकदा’ झाले, तसेच ‘वन’च्या कुळात ‘अलोन’, ‘ओन्ली’, ‘वन्स’. हे नातं ध्यानात राहिलं की ‘ओन्ली’च्या पोटात ‘एक’ आहे, म्हणून तो बाकीच्यांना वगळतो, हेही विसरत नाही.

हात बसण्यासाठी

आधी कसोटी लावा, मग उत्तर बघा.

‘आजच पगार झाला.’ ‘आय गॉट माय सॅलरी जस्ट टुडे’ किंवा ‘ओन्ली टुडे’, पण ‘टुडे ओन्ली’ नाही.

‘आम्ही पुण्यातच राहतो.’ दुसरीकडे घर नाही असं म्हणायचं असेल तर ‘वी लिव्ह ओन्ली इन पुणे’. लांब नाही, इथेच पुण्यात राहतो असं म्हणायचं असेल तर ‘वी लिव्ह राइट हिअर इन पुणे’.

‘तिने मला ओळखलंच नाही.’ ‘शी डिडन्ट रेकग्नाइज मी अॅट ऑल.’

‘सही केल्यावरच फॉर्म घेतील.’ ‘ओन्ली आफ्टर यू साइन विल दे अॅक्सेप्ट द फॉर्म’. सोपं करायचं तर ‘दे विल अॅक्सेप्ट द फॉर्म ओन्ली आफ्टर यू साइन इट.’

‘मीच ती चूक केली.’ ‘इट वॉज आय हू मेड दॅट मिस्टेक’, बोलताना ‘इट वॉज मी’. ‘आय ओन्ली मेड दॅट मिस्टेक’ लिहिलंत तर वाचणारा समजेल की तुम्ही तेवढी एकच चूक केलीत.